गाठीवरचा नंबर

सरकारी दवाखान्याच्या गेटवर
एक पोरगा कार्ड वाटायलता.
मी सवयीनं उजवा हात पुढं केला.
त्यानं पट्टी बघितली, कार्ड पदरावर ठेवलं.
'मावशी, अर्धे तुमचे, अर्धे वकिलाचे.'
हाताला उरलीत दोन बोटं.
त्याचे अर्धे किती, ते मला येतं.

मुकादम त्याच्या आधीच येऊन गेला होता.
वीस हजार, अन् कोऱ्या कागदावर सही.
म्हनला, शेटची दया समज शेषाबाई,
रजिस्टरात तर तुझं नावच नाही,
तू जिनिंगला कवा आलतीस?

आठ हंगाम.
शिंकले तर अजून कापूस निघतो.

मानवतहून परभणीला गेले, एसटीत उभ्यानं.
डॉक्टरनं सांगितलं म्हणून हात खांद्याच्या वर धरलेला.
कंडक्टरला वाटलं, बाई उतरायचं म्हणायलीय.
दोनदा बेल मारली त्यानं.

पहिल्या वकिलाकडं कुलर होता.
खुर्ची दिली, पाणी दिलं, धीर दिला मोठ्या आवाजात.
मी वर बघितलं तर
भिंतीवर आमच्याच प्रेसचं कॅलेंडर,
लक्ष्मीच्या पायाशी पांढऱ्या गाठींची थप्पी.
'बाथरूम कुठंय' विचारलं
अन् चप्पल हातात घेऊन जिना उतरले.

दुसरा माझ्याशी बोललाच नाही, हाताशीच बोलला.
वय किती, पगार किती, गुणिले किती,
कॅल्क्युलेटर दाबायचा अन् मान हलवायचा.
मोठं बोट असतं तर बरं झालं असतं म्हणला.
म्हणजे गेलेलं का राहिलेलं,
मला कळलं नाही.

तिसरीचं नाव ड्रेसिंग करणाऱ्या आयाबाईनं दिलं.
तिच्या जावयाची केस हरली होती ही.
'पण एका तारखेला चुकली नाही,' म्हणली आयाबाई.
ॲडव्होकेट सुरय्या इनामदार,
कोर्टाच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर, दोन जिने.

तिनं हात नंतर बघितला.
आधी विचारलं, काम काय होतं?
सकाळी रोलरवर कापूस ढकलायचे,
दुपारून गाठींवर नंबर टाकायचे, काळ्या रंगानं.
आकडे येतात मला, प्रौढांच्या वर्गात शिकले.
'सात कसा काढता?'
डावं बोट पाण्यात बुडवून टेबलावर काढून दाखवला:
पोटात आडवी रेघ,
एकाशी घोळ होऊ नये म्हणून.
'अशी रेघ अजून कोण देतं तिथं?'
कुणीच नाही.
तिनं चष्मा काढला.
'गाठी गेल्या का आहेत?'
काही गोदामात आहेत. गेलेल्यांचे फोटो
कलीम ट्रकवाल्याच्या मोबाईलमधी,
लोडिंग झालं की तो रोज काढतो.
पंखा फिरत होता, टेबलावरचा सात वाळत होता,
अन् ती भराभरा लिहीत होती.

मग मी विचारायला लागले. फी?
'टक्का घेत नाही, कायद्यात बसत नाही.
टायपिंग-तिकिटाचे आठशे आज.
बाकी हप्त्यानं, पावती मागून घ्या.'
किती दिवस?
'खरं सांगू?'
खरं ऐकायलाच दोन जिने चढले.
'तीन वर्षं. चार बी लागतील.'
धाकटी तवर बारावीला जाईल.
मी पाचशे मोजले. तीनशे सोमवारी.

वकीलपत्र काढलं. शाईचा पॅड पुढं सरकवला,
मग तिनंच मागं घेतला.
'येतं ना लिहायला? मग लिहा. मी बसलेय.'
डाव्या हातात पेन म्हणजे दुसऱ्याचं लेकरू.
'शे'ची मात्रा चुकून रेघेबाहेर गेली,
'बा'चा काना कलला.
'षा'च्या पोटातली रेघ तेवढी
एका झटक्यात बसली.

एक झेरॉक्स मला द्या, म्हटलं.
खाली दोन रुपये तिनंच दिले.
ते फीत धरलेत का,
सोमवारी विचारायचंय.